थोरलीचा दगड

माझं लग्न झालं तेव्हा जर्मनची लढाई संपून एकदोन वर्षं झाली होती. आमच्या घरातली मात्र संपली नव्हती. माझे थोरले दीर त्या लढाईत तिकडं अरबांच्या मुलखात, बसऱ्याला गेले होते आणि परत आले नव्हते. मी त्यांना कधी पाहिलं नाही. फोटोची चाल तेव्हा आमच्यासारख्या कुणब्यांच्या घरात कुठली असायला! ते मला जे काय कळले ते त्यांच्या बायकोकडून, म्हणजे माझ्या थोरल्या जावेकडून. आणि पुढं एका दगडाकडून.

गाव सोलापूरच्या दक्षिणेला, कानडी मुलखाला लागून. नावाला म्युनिसिपालटी होती, पण वेशीबाहेर पाऊल टाकलं की ज्वारीच. म्युनिसिपालटी म्हणजे वेशीला चिकटलेली धाब्याची कचेरी, एक अध्यक्ष, एक कारकून, एक शिपाई आणि रस्त्यावरचे रॉकेलचे कंदील. चांदण्यात ते लावायचे नाहीत असा ठरावच होता, आणि अंधाऱ्या रात्री बहुतेक रॉकेल संपलेलं असायचं.

सासरच्या पहिल्या सकाळी जे पाहिलं ते अजून डोळ्यांपुढं आहे. आत्याबाई, म्हणजे आमच्या सासूबाई, कुंकवाचा करंडा घेऊन चुलीपाशी आल्या. थोरलीची हनुवटी धरून त्यांनी तिचं तोंड वर केलं आणि आपल्या बोटानं तिच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावलं. आत्याबाईंचं स्वतःचं कपाळ पांढरं. मला वाटलं, अगंबाई, काय ही माया! चार दिवसांत कळलं की हा रोजचा पहारा आहे.

घडलं होतं असं. दीर लढाऊ पलटणीत नव्हते. त्यांच्या हातात बंदूक दिलीच नव्हती, खेचरं दिली होती. पाण्याच्या पखाली, दाणागोटा, काडतुसांच्या पेट्या, सगळं खेचरांवर लादून न्यायचं काम. लढाई संपल्यावर आमच्या आळीतला त्यांचा एक सोबती परत आला. त्यानं ओसरीवर बसून सांगितलं, की तिथं नदीकाठी पटकीची साथ आली, माणसं पटापटा गेली, त्यांत हेही गेले.

आत्याबाईंनी विचारलं, "तू डोळ्यानं बघितलंस?"

तो म्हणाला, "न्हाय. मी सवता आजारी हुतो. उठून बसलो तवा त्येचं खेचर दुसऱ्याच्या हातात हुतं."

झालं. आत्याबाई पदर खोचून उठल्या. "मग माजा ल्योक जित्ता हाय. जित्त्या मानसावर रडत्यात व्हय? ह्या घरात कुनी रडायचं न्हाय."

पुढं सरकारातूनही तसाच निरोप आला. त्यांनी तो या कानानं ऐकला आणि त्या कानानं सोडला. बांगड्या फुटल्या नाहीत, दहावं-तेरावं झालं नाही. दिरांचं एक घोंगडं होतं, काळंभोर, धनगराकडून मुद्दाम विणून घेतलेलं. ते आत्याबाई दर वर्षी दसऱ्याच्या आधी उन्हात घालायच्या, झटकायच्या आणि घडी घालून माळ्यावर ठेवायच्या. आल्यावर लागंल की त्याला, म्हणायच्या.

पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का? गावाला सगळं ठाऊक होतं. थोरलीला हळदीकुंकवाला कोणी बोलवायचं नाही, आणि विधवांतही कोणी धरायचं नाही. कपाळावरचं कुंकू बघून बायका कुजबुजायच्या. मी पहिल्यापासून फटकळ. एकदा आडावर एकीला म्हटलं, "टकामका काय बघती? तुज्या घरच्या करंड्यातलं लावलंय का?" थोरलीनं मला हाताला धरून ओढतच घरी आणलं. ती कानडी मुलखातली, मला तंगी म्हणायची. तंगी म्हणजे धाकटी बहीण.

"भांडू नगं, तंगी," ती म्हणाली. "मला कुंकवाचं काय न्हाय. मला एकदा पोटभर रडायचं हाय, येवढंच."

"मग रड की रानात जाऊन! आत्याबाई काय तितं येत्यात?"

"कशाकडं बघून रडू? मढं न्हाय, राख न्हाय, चार हात जागा न्हाय. आन माज्या मनात येतं, मी रडले आन ते खरंच जित्ते असले, तर माज्या रडन्यानं मरतील."

आमच्या घागरी आडावरच राहिल्या होत्या, त्या आणायला मी परत गेले.

अशात वेशीवर एक संगमरवरी दगड बसला. ज्या गावांतून माणसं लढाईला गेली त्या गावांत असे दगड बसवायचे, असं वरून ठरलं होतं. अध्यक्षांनी वेशीला चुना काढला, पताका लावल्या. प्रांतसाहेब घोड्यावरून आले, पोरांनी गाणं म्हटलं, बत्तासे वाटले. दगड पाटाएवढा, पांढराशुभ्र, त्यावर काळी इंग्रजी अक्षरं. शाळेच्या मास्तरांनी अर्थ सांगितला: या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले, त्यांतल्या चौघांनी प्राण दिले.

माणसं पांगल्यावर थोरली पुढं झाली. एरवी पुरुषांपुढं तोंड न उघडणारी बाई, पण त्या दिवशी बोलली. "मास्तर, नावं कुटं हायेत?"

"नावं नाहीत, बाई. आकडा आहे."

"चारचा आकडा कंचा?"

मास्तरांनी दाखवला. तिनं त्यावरून बोट फिरवलं, सावकाश, वरून खाली. "ह्यात ते हायेत?"

"असणारच की," मास्तर म्हणाले आणि घाईनं छत्री उचलून निघून गेले.

इथं आमच्या गावची एक रीत सांगायला हवी. गावाच्या मागल्या अंगाला, मारुतीच्या देवळामागं, लिंबाखाली, वीरांची एक ओळ आहे. जुन्या काळी जे लढून पडले त्यांचे हे दगड. खालच्या खणात लढाई कोरलेली, मधल्या खणात वीराला उचलून नेणाऱ्या अप्सरा, वरच्या खणात तो महादेवाच्या पिंडीपुढं हात जोडून बसलेला, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. कोणता वीर कोणत्या घराचा हे ज्याचं त्याला ठाऊक. दर अवसेला त्या त्या घरची बाई आपला वीर पाण्यानं धुणार, करडईचं तेल चोळणार, शेंदूर लावणार. ज्यानं दगड उभा केला त्याच्या घरचं तेल, असा गावचा शब्द होता. वीर कोरडा राहिला तर त्याला मागं कोणी नाही असं समजायचं.

तेव्हा थोरलीनं दुसरं काय करायचं होतं? पुढच्या अवसेला ती वाटीत तेल घेऊन वेशीवर गेली आणि तो संगमरवर वरपासून खालपर्यंत चोळून काढला. चाराच्या आकड्यावर बोटभर शेंदूर थापला. मी शेजारी तांब्या धरून उभी. तिला किंवा मला, दोघींनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी शिपाई दारात. कचेरीत अध्यक्ष लालबुंद होऊन बसले होते. "अहो, पुढच्या महिन्यात कलेक्टरसाहेब यायचेत! हा सरकारी दगड आहे, बाई. देव नव्हे हा!"

थोरली खाली मान घालून म्हणाली, "देव न्हाय. मालक हाय माजा."

मला राहवलं नाही, मी बोललेच. "अध्यक्षसाहेब, दगड मेलेल्यांसाठी बसवलाय का येनाऱ्यांसाठी?"

कारकुनाला खोकल्याची उबळ आली. अध्यक्ष म्हणाले, "तुझ्या नवऱ्याला पाठवून दे." आमच्या ह्यांना तिथं काय ऐकावं लागलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण त्या दिवशी माझ्याशी ते एक शब्द बोलले नाहीत. शिपायानं चिंच आणि राख लावून दगड घासला. तेल मुरलेलं, ते कुठलं निघतंय! आकड्याभोवती पिवळा डाग राहिलाच. मग गवंडी आणून तो दगड तिथून काढला आणि कमानीवर, शिडीशिवाय हात पुरणार नाही असा बसवला. इतका उंच, की ज्यांना इंग्रजी येत होतं त्यांनाही वाचता येईना. कबुतरांची तेवढी सोय झाली.

थोरली तिथून जाताना वर बघायची आणि मान खाली घालायची. बरेच दिवस ती धड जेवली नाही.

वीरांच्या ओळीच्या टोकाला ओढ्यावर एक लांबट शिळा पालथी टाकलेली होती. कोणाला आठवत नव्हतं तेव्हापासून बायका तिच्यावरून ओढा ओलांडायच्या. एका पावसाळ्यात ओढ्याला पूर आला आणि शिळा एका बाजूनं उचलली गेली. थोरली धुणं घेऊन गेली होती. खाली वाकून तिनं हात घातला, आणि धुणं तिथंच टाकून पळत घरी आली. "तंगी! त्याला खालनं मानसं हायेत!"

आमच्या ह्यांनी पहार घेतली, बैल जुंपले, दोर लावला. दगड उलटला तसा मी तोंडावर हात धरला. ओळीतले बाकीचे वीर उन्हापावसानं झिजून गेलेले, नाकडोळे नसलेले. हा इतकी वर्षं पालथा पडलेला, म्हणून जसा कोरला तसा होता. मिशा दिसत होत्या, मुंडाशाचे पेच दिसत होते. आणि खालच्या खणात, वीराच्या मागं, एक जनावर होतं.

थोरली चिखलात गुडघे टेकून बसली. "हे बग," ती म्हणाली. "खेचर."

देवळाचे गुरव तिथंच होते. ते म्हणाले, "अगं, गाय हाय ती. गाईंसाठी लढून पडला असंल कुनीतरी."

"गाईचे कान असले असत्यात व्हय? खेचरच हाय."

गुरव म्हातारे, शहाणे. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं बघितलं. "व्हय बाई, खेचरच दिसतंय," म्हणाले. "उभा करा. उभा करंल त्याचं तेल."

लिंबाच्या अंगाला खड्डा घेऊन दगड उभा केला. त्या दिवसापासून तो थोरलीचा झाला. गावानंही ते मानलं, कारण रीत ती रीत. पुढं कितीतरी वर्षं एकही अवस तिनं चुकवली नाही. तापानं फणफणली असली तरी मला धरून जायची. आधी पाणी, मग तेल. खांद्यावर, छातीवर, मग त्या खेचराच्या पाठीवरसुद्धा. वाटीत उरलेलं तेल ती आपल्या कोपरांना लावायची. आणि चोळता चोळता कानडीत बोलायची. आमच्या घरात तिची कानडी फक्त दिरांना समजायची, लग्नानंतर ते तिच्याकडूनच शिकले होते. काय बोलायची देव जाणे. मी पलीकडं लिंबाच्या मुळावर बसून राही.

एकदा मी विचारलं, "रडलीस का गं इतं तरी?"

"न्हाय. आत्याबाईंनी अजून सोडलं न्हाय मला. पन बोलायला जागा झाली की, तंगी. लई झालं."

आत्याबाई त्या बाजूला फिरकल्या नाहीत. मारुतीला जायचं तर लांबच्या वाटेनं जायच्या. "माजा ल्योक दगड व्हायला न्हाय गेला," असं एकदाच म्हणाल्या. रोजचं कुंकू चालू होतं. दसऱ्याचं घोंगडं चालू होतं. पण एक सांगते. फोडणीत तेलाचा थेंब जास्त पडला तर सात पिढ्या उद्धरणारी बाई, तिनं अवसेच्या दिवशी बरणीतलं तेल का उतरलं हे कधी विचारलं नाही.

माझी दोन मुलं शाळेत जायला लागली होती तेव्हाची गोष्ट. एका पौषात जुन्या दगडांची माहिती असलेले एक साहेब गावात आले. गोरे नव्हते, आपल्यातलेच होते, चष्मेवाले, शांत बोलायचे. देवळं बघितली, पडका बुरूज बघितला, आणि लिंबाखाली येऊन थोरलीच्या दगडापुढं उकिडवे बसले ते उठेनातच. आम्ही दोघी तिथंच होतो. अवस होती.

"हा कोणी जपला?" त्यांनी विचारलं.

"मी," थोरली म्हणाली. तिला वाटलं कौतुक करताहेत. ते करतही होते.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की हा दगड मोठ्या शहरात नेणार, संग्रहालयात ठेवणार, गावाचं नाव होणार. म्युनिसिपालटीनं ठराव करून परवानगी दिली. दगड ओढ्यावरचा, म्हणजे बेवारशी, असं त्यांचं म्हणणं. हाकेच्या अंतरावर तेल चोळणारी बाई राहते, हे कोणाच्या ध्यानात आलं नसेल का? आलं होतं. पण गावाच्या नावापुढं एका बाईची वाटीभर रीत कोण विचारतो!

ठरावाच्या दुसऱ्या सकाळी आम्ही दोघी मुक्कामावर जाऊन साहेबांना भेटलो. मी तोंडाला येईल ते बोलले. "चोरी हाय ही! रीतीनं उभा केलाय आमी!" त्यांनी ऐकून घेतलं. थोरलीनं मला गप्प केलं आणि हात जोडले. "साहेब, ओळीतला दुसरा कंचाबी न्या."

"बाई, बाकीचे झिजलेत. हा एकच शाबूत आहे. तिथं छपराखाली राहील, ऊनपाऊस लागणार नाही. तुमच्यानंतरही टिकेल." मनापासून बोलत होते ते.

थोरलीनं मान डोलावली. मला वाटलं, पटलं हिला. मग तिनं विचारलं, "तितं तेल कोन घालंल?"

"तेल नाही घालायचं. आधीचं तेलही धुऊन काढावं लागेल. मग कोरडा ठेवायचा."

कोरडा. तो एक शब्द ऐकून ती जी उठली ती सरळ घरी येऊन चुलीपुढं बसली. मी आत्याबाईंना सगळं सांगितलं, अगदी कोरडा ठेवणार इथपर्यंत. त्या जात्यावर बसल्या होत्या. दळत राहिल्या.

दगड उपटला त्या सकाळी धुकं होतं आणि थंडी बोचत होती. सहा माणसांनी दोर लावून तो गाडीत आडवा केला, खाली कडबा घातला. तोंड वर, आभाळाकडं. थोरली गाडीच्या मागं उभी होती, हाताची घडी घट्ट घालून. गाडीवान बैलांना हाकणार तेवढ्यात माणसं बाजूला झाली. आत्याबाई येत होत्या. काठी टेकत, जवळच्या वाटेनं. काखेत माळ्यावरचं घोंगडं.

त्या गाडीजवळ आल्या. पहिल्यांदाच त्यांनी तो दगड बघितला. मिशांवरून हात फिरवला, मुंडाशावरून फिरवला, खालच्या जनावरापाशी थांबल्या. मग घोंगडं झटकून त्यांनी दगडावर पसरलं. खांद्यांच्या बाजूनं नीट खोचलं.

साहेब हलकेच म्हणाले, "आजी, कशाला? दगड आहे तो."

"असू द्या," आत्याबाई म्हणाल्या. "थंडी लई हाय. लांबचा पल्ला हाय."

आणि मागं वळून थोरलीकडं बघून म्हणाल्या, "रड गं आता. गेला त्यो. रड."

थोरली तिथंच मातीत बसली. इतक्या वर्षांचं रडू ते! छाती पिटून, केस सोडून, कानडीत आणि मराठीत. "होद्रु, तंगी, होद्रु!" गेले गं, गेले. आमच्याकडं बायका मातीला जात नाहीत, वेशीपाशी थांबतात. ती रडत गाडीमागून वेशीपर्यंत गेली आणि तिथं थांबली. आत्याबाई तिच्या शेजारी उभ्या राहिल्या. वर कमानीत तो पांढरा दगड होता. कोणी वर बघितलं नाही.

घरी येऊन आम्ही तिघींनी डोक्यावरून पाणी घेतलं. चूल पेटवली नाही. कोणी सांगितलं नव्हतं, तरी दुपारी शेजारणीनं पिठलंभाकरी आणून ठेवली, मेलेल्याच्या घरी देतात तशी. दुसऱ्या सकाळी आत्याबाई करंडा घेऊन आल्या नाहीत. थोरलीनं सवयीनं तोंड वर केलं होतं. आत्याबाई तिच्या कपाळावरून नुसता हात फिरवून गोठ्यात निघून गेल्या.

गाडीवान दोन दिवसांनी परत आला. घोंगडं नीट घडी घालून त्यानं आणलं होतं. "साहेबांनी दिलंय. रेल्वेत दगडाला पेंढा गुंडाळला, म्हनले ह्येची गरज न्हाय." मी ते घेतलं. जड लागलं. मध्यभागी एवढा मोठा तेलाचा डाग होता, दगडातलं सगळं तेल त्यात उतरलेलं.

मी रिठ्यांची चरवी काढली. लोकरीतलं तेल लवकर जात नाही, म्हणून भिजत घालावं म्हटलं. थोरलीनं घोंगडं माझ्या हातातून घेतलं आणि तोंडावर दाबून धरलं. मग ते तसंच आत्याबाईंच्या पुढं केलं. त्यांनीही वास घेतला. बराच वेळ तोंड वर काढलं नाही.

"धुऊ नगा गं," त्या म्हणाल्या.